कबुतरे भरवणाऱ्यांची छाती

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये एक विचित्र धंदा होता. बाजारात विकायची कबुतरे पोसण्यासाठी काही माणसे दाणे आणि पाणी आपल्याच तोंडात घेत आणि कबुतराची चोच ओठांत धरून त्याच्या घशात सोडत. दिवसाला शेकडो कबुतरे. या माणसांना खोकला लागे, थुंकीतून रक्त पडे, अंग झिजे. लक्षणे सगळी क्षयाची. १८९० मध्ये द्यलाफ्वा, शांतमेस आणि विदाल या डॉक्टरांनी दाखवले, की हा क्षय नव्हे. दाण्यांवरची ‘ॲस्परजिलस’ बुरशी फुप्फुसात रुजली आहे. १८९७ मध्ये रेनाँने त्यावर पुस्तकच लिहिले. कृत्रिम केसांचे टोप बनवणारे कारागीरही त्याच रोगाचे बळी होते. केसांचा तेलकटपणा काढायला ते राय या धान्याचे पीठ वापरत आणि बुरशी त्या पिठातून येई. पुस्तक राहिले, कबुतरे भरवणाऱ्यांची नावे कुणाच्या लक्षात नाहीत.

रोग कळला, पण तो आत होतो कसा हे पाहायचे कुठे? मग ससे आले. सशाच्या शिरेत बीजाणू टोचले की तो मरे. पण माणूस बुरशी शिरेतून घेत नाही, श्वासातून घेतो. आपण सगळेच रोज शेकडो बीजाणू आत ओढतो आणि बहुतेकांना काही होत नाही, कारण फुप्फुसातल्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. ल्युकेमियाच्या उपचारांनी किंवा अवयवरोपणानंतरच्या औषधांनी हा पहारा ढिला पडला, की तोच बीजाणू तंतू काढतो आणि भिंत भेदून रक्तवाहिनीत शिरतो.

ती भिंत प्लास्टिकच्या बशीत नव्हती. १९७२ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगातून मिळवलेल्या ‘ए-५४९’ पेशी बशीत सपाट पसरतात, वरून पोषक द्रवात बुडालेल्या असतात. एका बाजूला हवा नाही, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनी नाही. मी प्रयोगशाळेत पाऊल न ठेवलेला माणूस. पण इतकी साधी उणीव इतकी वर्षे चालवून घेतली गेली, याचे नवल वाटते.

२००७ मध्ये विल्यम होप आणि सहकाऱ्यांनी सच्छिद्र पडद्याच्या एका अंगाला ए-५४९ आणि दुसऱ्या अंगाला रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवल्या. बुरशी वर पेरली. तंतू पलीकडे गेल्याची खूण खालच्या द्रवात सापडली: गॅलॅक्टोमॅनन, म्हणजे बुरशीच्या कवचातली साखर. रुग्णाच्या रक्तात डॉक्टर शोधतात तीच. औषध, भक्षक पेशी यांचा परिणामही तिथेच मोजता आला. २०१० मध्ये हार्वर्डमध्ये ह आणि इंगबर यांनी श्वासासारखी ताणली जाणारी चिप बनवली. २०२२ मध्ये येनाच्या संशोधकांनी चिपवरच ॲस्परजिलसचा संसर्ग आणि त्यावरचा उपचार तपासला.

आपल्याकडे क्षय बरा झाल्यावर मागे राहिलेल्या पोकळीत हीच बुरशी वर्षानुवर्षे गोळा होऊन बसते, खोकल्यातून रक्त पडते आणि पुन्हा क्षयाचीच औषधे सुरू होतात. एक-दोन पेशींच्या जाडीच्या, काही दिवस टिकणाऱ्या भिंतीत ती जुनी पोकळी नाही.