‘हेकल’ : एका शब्दाची कुळकथा

चारचौघांच्या बोलण्यांत मध्येंच तोंड घालणारास मराठींत चोंबडा म्हणतात. त्याचें कौतुक कोणी करीत नाहीं. इंग्रजींतील ‘हेकल’ या शब्दाचें नशीब थोडें निराळें. भर सभेंत वक्त्याचें बोलणें तोडून त्यास भंडावून सोडणें, हा त्याचा आजचा अर्थ. परंतु त्याचा जन्म सभेंतला नव्हे, कामगारांच्या कामठ्यांतला.

‘हेकल’ म्हणजे मूळची एक फणी. जवसाचे तंतू विंचरण्याची. आपल्याकडे जवस ठाऊक तें तेलाकरितां आणि चटणीकरितां. युरोपांत त्याच्या खोडांतील तंतूंपासून लिननचें कापड विणीत आले आहेत. उभे पोलादी दात बसविलेल्या फळीवरून तंतूंची मूठ पुनःपुन्हां ओढावयाची, म्हणजे आखूड, गुंतलेला भाग दातांत अडकतो आणि लांब, सरळ धागा तेवढा हातीं येतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस हाच शब्द माणसाच्या झाडाझडतीस लागला. पार्लमेंटच्या उमेदवारास मतदारांनीं भर सभेंत आडवेतिडवे प्रश्न विचारावे, यास स्कॉटलंडांत ‘हेकलिंग’ म्हणूं लागले. ही उपमा मराठीस परकी नाहीं. आपणही विषय ‘पिंजून’ काढतों, तो पिंजाऱ्याकडूनच शिकून!

स्कॉटलंडांतील डंडी शहरांत हे फणीवाले पुष्कळ. एकानें वर्तमानपत्र मोठ्यानें वाचावें आणि बाकीच्यांनीं हातांतलें काम न सोडतां त्यावर तुटून पडावें, अशी त्यांची रीत सांगतात. पुढें यंत्रें आलीं, हातफणीचा धंदा बुडाला, गिरण्यांत बंगालचा ताग आला. शब्द मात्र राहिला.

मताचा हक्क ज्यांस नव्हता, त्यांनीं तो उचलला. १३ ऑक्टोबर १९०५ रोजीं मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्यें सर एडवर्ड ग्रे यांच्या सभेंत क्रिस्टाबेल पँखर्स्ट व अ‍ॅनी केनी यांनीं विचारलें, लिबरल सरकार स्त्रियांस मत देणार काय? उत्तर मिळालें नाहीं. दोघींस बाहेर काढण्यांत आलें. दंड न भरतां एकीनें सात दिवस व दुसरीनें तीन दिवस तुरुंग पत्करला. १९०८ सालीं खुद्द डंडींत चर्चिल पोटनिवडणुकीस उभे असतां मेरी मलोनी ही बाई त्यांच्या सभांमागून हिंडली. स्त्रियांच्या चळवळीविषयींच्या उद्गारांबद्दल माफी मागा, असा तिचा आग्रह. चर्चिल बोलूं लागले कीं ती मोठी घंटा वाजवी. याला हेकलिंग म्हणावें काय, ही शंकाच आहे. फणी धागा सरळ करते. घंटेनें तो तुटतो. पण प्रश्न विचारून जिथें तुरुंगच मिळाला, तिथें घंटा वाजली तर नवल नाहीं.

चर्चिल त्या वेळीं निवडून आले. १९१८ सालीं तीस वर्षांवरील बहुतेक स्त्रियांस मत मिळालें. १९२२ सालीं डंडीनें चर्चिल यांस पाडलें, तेव्हां मतपेट्यांत स्त्रियांचींही मतें होतीं.