कोनो, स्टेन

कोनो, स्टेन : (१७ एप्रिल १८६७ – २९ जून १९४८). नॉर्वेचे भारतविद्यातज्ज्ञ, भाषाशास्त्रज्ञ, शिलालेखांचे वाचक आणि संस्कृत, प्राकृत व खोतानी ग्रंथांचे संपादक-अनुवादक. जगभरच्या अभ्यासकांत त्यांचे नाव घेतले जाते ते खरोष्ठी लिपीतल्या लेखांमुळे आणि मध्य आशियातल्या शक (खोतानी) भाषेमुळे. मराठी वाचकाला ते वेगळ्याच कामासाठी ठाऊक असायला हवेत, आणि बहुधा नसतात. ब्रिटिश अमदानीतल्या भारतीय भाषा-पाहणीचा मराठीवरचा सातवा खंड (१९०५) त्यांनी सिद्ध केला. मुखपृष्ठावर मात्र संकलक आणि संपादक म्हणून जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन यांचे नाव आहे. कोनोंचे श्रेय आतल्या प्रास्ताविकात दिलेले आहे, आणि संदर्भ देणारे सहसा तिथवर जात नाहीत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या पट्ट्यात इमारती उभ्या राहण्यापूर्वी जी मराठी बोलली जात होती, तिचे बरेचसे नमुने या खंडात सापडतात.

कोनो यांचा जन्म दक्षिण नॉर्वेतील वाल्ड्रेस खोऱ्यात, सोंद्रे आउरदाल येथे झाला. (गंमत म्हणजे विरारहून मुंबईकडे पहिली लोकल धावली ती त्याच महिन्यात, १२ एप्रिलला. या गाडीने पुढे साष्टीच्या, म्हणजे याच उपनगरी पट्ट्याच्या, बोलींचे काय केले, ते कोनोंच्या खंडाशेजारी आजचा उपनगरी फलाट ठेवून पाहावे.) क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ऑस्लो, इथे शिकून ते जर्मनीत हाले येथे रिखार्ड पिशेल यांच्याकडे गेले. पिशेल हे प्राकृत व्याकरणातले त्या काळचे सर्वांत मोठे नाव. १८९३ मध्ये कोनोंनी सामविधानब्राह्मणाचा प्रस्तावनेसह जर्मन अनुवाद प्रबंध म्हणून प्रसिद्ध केला. सामवेदातील गानांचा उपयोग इच्छापूर्ती, शत्रुनाश, रोगनिवारण अशा कामांसाठी कसा करायचा, हे सांगणारा हा ग्रंथ; कोनोंनी उपशीर्षकात त्याला प्राचीन भारताची जादूटोण्याची पोथीच म्हटले आहे.

पिशेल यांच्या तालमीचे पहिले ठळक फळ म्हणजे राजशेखराच्या ‘कर्पूरमंजरी’ची चिकित्सक आवृत्ती. ती १९०१ मध्ये हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेचा चौथा खंड म्हणून निघाली. संहिता, शब्दसूची आणि कवीच्या जीवनावरचा निबंध कोनोंचा, इंग्रजी अनुवाद चार्ल्स रॉकवेल लॅनमन यांचा. कर्पूरमंजरी हे सट्टक आहे, म्हणजे अथपासून इतिपर्यंत प्राकृतातले नाटक. राजशेखर यायावर घराण्यातला. त्याचा पणजोबा अकालजलद याला ‘महाराष्ट्रचूडामणी’ असे बिरूद होते. कवी कनौजच्या प्रतीहारांच्या दरबारी असला तरी त्याच्या घराण्याचा धागा आपल्याकडे पोचतो तो असा. कोनोंनी पिशेल यांचा दंडक पाळून पद्य महाराष्ट्री प्राकृतात आणि गद्य शौरसेनीत असे रूप ठरवले आणि हस्तलिखितांतली सरमिसळ त्याप्रमाणे निस्तरली. यावर पुढे टीका झाली. कलकत्त्याचे मनमोहन घोष यांनी या नाटकाची स्वतःची आवृत्ती काढून ही वाटणीच नाकारली. हस्तलिखित जे सांगते त्यापेक्षा व्याकरणकार जे सांगतात त्याला कोनो अधिक मान देत, हा आक्षेप रास्त आहे. बोलींच्या कामात मात्र त्यांना असे करता येण्यासारखे नव्हते. तिथे व्याकरणकारच नव्हते.

भाषा-पाहणीचे काम १८९४ मध्ये मंजूर झाले होते. अकरा खंड, त्यांचे एकोणीस भाग, १७९ भाषा आणि ५४४ बोली असा तो पसारा १९०३ ते १९२८ या काळात छापून पूर्ण झाला. ग्रिअर्सन यांच्या हाताखाली काम करणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा कोनोंचा. तिबेटी-ब्रह्मी गट, मुंडा आणि द्रविड भाषांचा चौथा खंड (१९०६), भिल्ली बोलींचा भाग (१९०७) आणि मराठीचा सातवा खंड, हे सारे त्यांच्या टेबलावरून गेले. टेबलावरून, हे शब्दशः खरे आहे. मराठी खंड छापून झाला १९०५ मध्ये, आणि कोनो भारत सरकारचे शिलालेखतज्ज्ञ म्हणून इकडे रुजू झाले ते १९०६ मध्ये.

पाहणीची रीत ठरलेली होती. जिल्ह्याजिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडून प्रत्येक बोलीचे नमुने मागवायचे : बायबलमधील उधळ्या मुलाच्या गोष्टीचे बोलीतले रूपांतर, बोलणाऱ्याने स्वतः सांगितलेली एखादी गोष्ट किंवा जबानी, आणि शब्द व वाक्यांची एक ठरीव यादी. आलेल्या कागदांवरून व्याकरणाचा सांगाडा उभा करायचा. उधळ्या मुलाची गोष्ट निवडण्यामागे हिशेब साधा होता. तिच्यात सर्वनामे, नात्यांची नावे आणि भूत-वर्तमान-भविष्य असे सगळे काळ येतात. साष्टीतल्या ख्रिस्ती लोकांना ती चर्चमध्ये ऐकून पाठ असणार; वारली किंवा ठाकूर माणसाला मात्र मालमत्तेची वाटणी मागून परदेशी जाणारा धाकटा मुलगा परकाच वाटला असेल. त्यामुळे दुसऱ्या प्रकारचे नमुने, म्हणजे लोकांच्या स्वतःच्या गोष्टी, भाषेच्या दृष्टीने जास्त विश्वासार्ह आहेत. पाहणी वापरणाऱ्याने आधी ती पाने उघडावीत.

मुंबई उपनगर जिल्हा तेव्हा नव्हता. तो १९२० मध्ये झाला. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ही ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातली गावे होती. पूर्वेकडे खाडीलगत मिठागरे, मध्ये भातखाचरे, पश्चिमेला वेसावे, मढ, मनोरी, गोराईचे कोळीवाडे, मरोळ-आंबोलीसारखी ख्रिस्ती गावठाणे आणि बोरिवलीच्या डोंगरात वारल्यांचे पाडे. मराठी खंडातल्या ‘कोकणची प्रमाण बोली’ या मोठ्या मथळ्याखाली परभी, कोळी, किरिस्ताव, कुणबी, आगरी, धनगरी, भंडारी, ठाकरी, कऱ्हाडी, संगमेश्वरी, बाणकोटी, घाटी अशी लांबलचक मालिका येते. त्यांतल्या पहिल्या काहींचे घर हेच. त्यांच्यापलीकडे काथोडी अर्थात कातकरी, वारली, वाडवळ, फुडगी आणि सामवेदी यांना वेगळे काढून ‘मोडक्या’ बोलींच्या कप्प्यात टाकले आहे. हे विशेषण त्या काळच्या भाषाशास्त्रात सर्रास चाले. आज ते खटकते आणि खटकायलाच हवे; वारलीला स्वतःची शिस्त आहे, ती मोडून कशातून तयार झाली हे कोणी दाखवलेले नाही.

किरिस्ताव हे नाव साष्टी-वसईच्या स्थानिक ख्रिस्ती लोकांचे. याच समाजाने १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेऊन संघटना काढली होती. भाषा-पाहणी त्यानंतर होऊनही तिने जुनेच नाव वापरले. या बोलीला लिखित इतिहास नव्हता असे नाही. उत्तर कोकणातल्या भाषेचे एक पोर्तुगीज व्याकरण सतराव्या शतकात एका मिशनऱ्याने लिहून ठेवले होते आणि कुन्या रिव्हारा यांनी ते १८५८ मध्ये गोव्यात छापले. कोनोंच्या खंडाने केले ते निराळे : किरिस्ताव बोली तिच्या शेजारच्या कोळी आणि आगरी बोलींसोबत मांडली. तशी मांडणी झाली की धर्माची भिंत भाषेत फारशी उंच नाही हे लगेच दिसते. ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘ल’, ‘घोडा’चा ‘घोरा’, ‘वीस’चे ‘ईस’ अशी वळणे या पट्ट्यात जातिधर्म ओलांडून पसरलेली आहेत. वेसाव्याची नारली पुनव आजही त्याची साक्ष देते.

खंडातल्या मांडणीचा मोठा दोष याच्याच पोटात आहे. बोलींना नावे दिली ती जातींची. मिठागरावरचा आगरी आणि त्याच शिवेवरचा कुणबी हे एकमेकांशी कसे बोलत, मुलुंडचा आगरी आणि उरणचा आगरी यांच्या बोलण्यात काय फरक होता, याचे उत्तर अशा मांडणीतून मिळत नाही. या बोली एकमेकींत हळूहळू मिसळत जातात याची कोनोंना जाण होती. म्हणून तर त्यांनी त्या एकाच मथळ्याखाली ठेवल्या. पण सरकारी तक्त्याला रकाने लागतात, आणि रकाने जनगणनेतून आले. पाहणीत मराठी बोलणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ८० लाख धरली आहे, तीही १८९१च्या शिरगणतीवर आधारलेली. हैदराबाद संस्थान पाहणीच्या कक्षेबाहेर होते, त्यामुळे मराठवाड्याच्या बोलीला इथे न्याय मिळालेला नाही.

खंडाच्या प्रस्तावनेत आणि १९०३ मध्ये ‘इंडियन अँटिक्वेरी’त आलेल्या ‘महाराष्ट्री आणि मराठी’ या लेखात कोनोंनी एक जुना वाद हाती घेतला. नाटकांतली महाराष्ट्री प्राकृत ही खरोखर महाराष्ट्राची भाषा होती का? रुडॉल्फ होर्नले यांच्यासारख्या विद्वानांनी ते नाकारले होते. कोनोंनी रूपे समोरासमोर ठेवली. मराठीतले ‘करून’, ‘जाऊन’ यांतला ‘-ऊन’ महाराष्ट्रीतल्या ‘-ऊण’शी जुळतो, शौरसेनीत त्या जागी ‘-इअ’ येतो. अशा पुराव्यांवरून मराठीचे मूळ महाराष्ट्री ज्या बोलीवर उभी होती त्या बोलीत आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. झ्यूल ब्लोक यांनी पुढच्या दशकात मराठीच्या घडणीवर जो फ्रेंच ग्रंथ लिहिला, त्याला कोनोंची ही पायाभरणी उपयोगी पडली. ब्लोक यांचा ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांच्या अनुवादामुळे १९४१ मध्ये मराठीत आला. कोनोंचे मराठीविषयक लेखन मात्र इंग्रजीतच राहिले, आणि मराठी भाषेच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत ते ब्लोक यांच्या सावलीत गेले.

कोकणीला त्यांनी याच खंडात घेतले. ती मराठीची बोली, पण फार पूर्वी फुटलेली फांदी, असे त्यांचे मत होते. हे वाक्य विसाव्या शतकातल्या भाषावादात दोन्ही बाजूंनी वापरले : एकाने ‘बोली’ हा शब्द उचलला, दुसऱ्याने ‘फार पूर्वी’ हे शब्द. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले, १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. त्यानंतर हा वाद ग्रंथालयापुरता उरला. खानदेशीला म्हणजे अहिराणीला पाहणीने मराठी खंडाबाहेर, भिल्ली बोलींच्या सोबत ठेवले. जळगाव-धुळ्याकडचे अभ्यासक त्याविषयी आजही हिरिरीने बोलतात.

१९०६ ते १९०८ या काळात कोनो भारत सरकारच्या पुरातत्त्व खात्यात शिलालेखतज्ज्ञ होते. ‘एपिग्राफिया इंडिका’च्या दहाव्या खंडाचे संपादन त्यांचे आणि व्ही. वेंकय्या यांचे. याच खंडाला हाइनरिख ल्युडर्स यांची ब्राह्मी लेखांची सूची जोडलेली आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी लेण्यांतले कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांचे आणि भिक्षुणींचे दानलेख अभ्यासक आजही या सूचीतल्या क्रमांकांनी ओळखतात.

पुढची कारकीर्द पदांच्या भाषेत थोडक्यात सांगता येते : १९१० पासून क्रिस्तियानियाला प्राध्यापक, १९१४ ते १९१९ हांबुर्गला, मग पुन्हा मायदेशी. १९२० मध्ये भारतीय नाटकावर जर्मन ग्रंथ, १९२२च्या सुमारास ‘आक्टा ओरिएंटालिआ’ या नियतकालिकाची स्थापना, १९२४-२५ मध्ये शांतिनिकेतनात विश्वभारतीचे अभ्यागत प्राध्यापक. १९३७ मध्ये त्यांच्या जागी गेओर्ग मोर्गनस्टिएर्न आले. हिंदुकुशातल्या भाषांचे ते मोठे अभ्यासक ठरले.

या काळातले मुख्य काम दोन पदरी आहे. खरोष्ठी लेखांचा त्यांचा संग्रह ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम’च्या दुसऱ्या खंडाचा पहिला भाग म्हणून १९२९ मध्ये आला. डब्ल्यू. ई. फान वाइक यांच्यासोबत खगोलगणिताच्या आधारे त्यांनी कुषाण राजा कनिष्काच्या कालगणनेचा आरंभ इ. स. १२८-२९च्या आसपास नेला. हॅरी फाल्क यांनी २००१ मध्ये स्वतंत्र पुराव्याने काढलेले वर्ष १२७ आहे. एवढ्या जवळ जाणे हे नशीब की हिशेब, यावर मतभेद होऊ शकतात. नोंद घेण्याजोगे ते नक्कीच आहे.

दुसरा पदर खोतानचा. चिनी तुर्कस्तानच्या वाळूतून निघालेल्या पोथ्यांतील वज्रच्छेदिका आणि अपरिमितायुःसूत्र यांची खोतानी रूपे त्यांनी १९१६ मध्ये अनुवादासह संपादित केली. ज्या भाषेचा कोश नाही, व्याकरण नाही, तिच्यातून अनुवाद करायचा तर मूळ संस्कृत बाजूला ठेवून ओळीओळीने अर्थ बांधत जावे लागते. या खटपटीतून ‘शक-अध्ययने’ (१९३२) आणि खोतानी शक भाषेचे जर्मन व्याकरण (१९४१) तयार झाले. ही भाषा महाराष्ट्रापासून वाटते तेवढी दूर नाही. नाशिकच्या लेण्यांत जावई उषवदाताच्या दानांमुळे ज्याचे नाव कोरले गेले तो नहपान, त्याच्याआधीचा भूमक, आणि उज्जयिनीचा चष्टन हे क्षत्रप शक परंपरेतले. चष्टनाच्या पित्याचे नाव नाण्यांवर ‘य्सामोतिक’ असे विचित्र दिसते. खोतानी लेखनात ‘य्स’ ही जोडणी ‘झ’ या उच्चारासाठी येते, आणि ‘य्सम’ म्हणजे पृथ्वी, भूमी. त्यावरून य्सामोतिक आणि भूमक ही एकाच माणसाची शक आणि भारतीय नावे असावीत, या तर्काला कोनोंनी उचलून धरले. इतिहासकारांनी तो सर्वस्वी स्वीकारलेला नाही. नाण्यांचा पुरावा अपुरा आहे.

कोनो ऑस्लोत वारले. खोतानी शकाची त्यांची प्रवेशिका मृत्यूनंतर, १९४९ मध्ये, प्रसिद्ध झाली.

कोनोंच्या खंडात ज्यांची बोली नोंदली गेली त्या साष्टीच्या गावांचे पुढे काय झाले हे नकाशावरून कळते. १९५० मध्ये पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत, १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत ती मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. बोलींवरचे कामही थांबले नाही. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून बोलींची सर्वेक्षणमाला काढली आणि तीत ठाण्याच्या वारलीला स्वतंत्र पुस्तक मिळाले. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड २०१३ मध्ये आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेसोबत हाती घेतलेल्या बोली-सर्वेक्षणात माणसांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले. कोनोंना हाती लिहिलेल्या कागदांवरच भागवावे लागले होते. पण शंभर-सव्वाशे वर्षांत कोणते रूप टिकले आणि कोणते गेले हे ताडून पाहायचे झाले, तर जुन्या बाजूला ठेवायला त्यांचाच खंड लागतो.