हेमाद्रिपंडित (हेमाडपंत)

(तेरावे शतक). देवगिरीच्या यादवांचा करणाधिप व धर्मशास्त्रकार. वत्सगोत्री, वडील कामदेव, आजोबा वासुदेव. महादेव (कार. १२६१–७१) आणि रामचंद्र (कार. १२७१–१३११) या दोन्ही राजांच्या पदरी तो होता. करणाधिप म्हणजे राज्याच्या दफ्तराचा मुख्य; दानपत्रे आणि राजाज्ञा त्याच्या कचेरीतून निघत. शके ११९४ (१२७२) च्या ठाणे ताम्रपटावरून हत्तीदळाची व्यवस्थाही त्याच्याकडे असल्याचे दिसते.

‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा मुख्य ग्रंथ. व्रते, दाने, काल, श्राद्ध यांविषयीची पुराणे व स्मृतींतील वचने त्यात इतकी गोळा झाली आहेत, की पुढच्या निबंधकारांना त्याला वगळून चालले नाही. इतिहासाच्या दृष्टीने मोलाची आहे ती व्रतखंडातील राजप्रशस्ती. उत्तर कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रात बुडाला, हे तिच्यातून कळते. यादव राजा महादेवाच्या कोपाग्नीपेक्षा समुद्रातला वडवानल त्याने बरा मानला, असे हेमाद्री म्हणतो. स्तुतिपर काव्य म्हणून अतिशयोक्ती सोडून दिली, तरी ठाणे-कल्याणचा मुलूख यादवांकडे कसा गेला याचा हा जवळचा पुरावा आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’वर त्याची ‘आयुर्वेदरसायन’ ही टीका आहे. व्याकरणकार बोपदेव त्याच्या आश्रयाला होता. महानुभाव ग्रंथांत मात्र तो पंथाचा विरोधक म्हणून येतो. मोडी लिपी व बाजरी त्याने आणली, ही लोकपरंपरा.

चुन्याशिवाय, दगडात दगड बसवून उभारलेल्या देवळांना त्याच्या नावावरून हेमाडपंती म्हणतात. उल्हासनगरलगत, अंबरनाथला वालधुनीकाठी असलेले शिवमंदिरही सर्रास हेमाडपंती म्हणून दाखवले जाते. ते बरोबर नाही. मंदिराच्या उत्तर दारावरील लेखात शके ९८२ (१०६०) हा काळ आणि शिलाहार राजा मम्वाणीचे नाव आहे. म्हणजे हे देऊळ हेमाद्रीच्या कारकिर्दीआधी दोनशे वर्षे उभे होते. तारकाकृती विधान, पायऱ्या उतरून जावे लागणारे गर्भगृह, भिंतींवर दाटीने कोरलेल्या मूर्ती, हे सारे भूमिज शैलीचे काम आहे आणि त्याचे श्रेय शिलाहारांच्या शिल्पकारांना दिले पाहिजे. यादवांच्या ज्या करणाधिपाच्या नावावर ते चढले, त्याच्याच राजप्रशस्तीत शिलाहारांच्या अखेरच्या राजाचा शेवट नोंदला आहे.