भंडाऱ्याची 1954 ची पोटनिवडणूक लागली कशी?

1954 च्या भंडारा पोटनिवडणुकीत बाबासाहेब हरले, हे आपल्या भागात सगळ्यांना ठाऊक. पण ती पोटनिवडणूक लागलीच कशामुळं, असं विचारलं की जुने कार्यकर्तेही एकमेकांच्या तोंडाकडं पाहतात.

1952 ची पहिली लोकसभा. उमरेड, पवनी, भंडारा सगळं तेव्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. भंडारा मतदारसंघाला दोन खासदार: एक सर्वसाधारण, एक राखीव. चतुर्भुज जसानी अन् तुलाराम साखरे निवडून आले. त्याविरुद्ध तक्रार झाली आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं.

जसानींची भानगड बिडीची. ते मूलजी सिक्का कंपनीत भागीदार, आणि कंपनी सैनिकांसाठी सरकारला बिड्या पुरवायची. सरकारशी मालपुरवठ्याचा करार असलेल्याला उमेदवार होता येत नव्हतं.

पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो दुसरा मुद्दा. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. ते जन्मानं महार, पण महानुभाव पंथात गेलेले. पंथ जात मानत नाही, मग तुम्ही महार उरला नाहीत, असं म्हणून अर्जच बाद केला! सुप्रीम कोर्टानं 9 फेब्रुवारी 1954 ला हे खोडून काढलं. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, आपल्या नागपूर हायकोर्टाचे माजी मुख्य न्यायाधीश. जुन्या समाजानं माणसाला बाहेर काढलं का, त्याचा स्वतःचा इरादा काय, नव्या पंथाचे नियम काय, हे तिन्ही बघा, असं त्यांनी सांगितलं. ठवरे महारच राहिले होते, म्हणून अर्ज चुकीनं बाद झाला, म्हणून अख्खी निवडणूक रद्द.

मे महिन्यात पुन्हा मतदान झालं. अशोक मेहता जिंकले, राखीव जागा काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडं गेली, बाबासाहेब हरले. लोकांच्या लक्षात एवढंच राहिलं.

आता 2024 आठवा. उमरेड ज्या रामटेक लोकसभेत आहे, तिथं जातपडताळणी समितीनं प्रमाणपत्र रद्द केलं म्हणून काँग्रेसच्या रश्मी बर्वे यांचा अर्ज बाद झाला. सप्टेंबरात हायकोर्टानं समितीचा निर्णय रद्द केला, तोवर मतदान होऊन त्यांचे पती श्यामकुमार बर्वे खासदारही झाले होते.

पवनी-भंडाऱ्याकडं कोणाच्या घरी 1954 च्या प्रचाराचं पत्रक, फोटो असेल तर खाली टाका, राजेहो. आजोबांनी सांगितलेलं काही आठवत असेल, तेही चालेल.