कपाशीच्या तासातली तूर

बागेतल्या वाटाण्याच्या फुलात परागीभवन पाकळ्या उमलण्याआधीच उरकते, म्हणून ग्रेगोर मेंडेलला 1866 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांसाठी शुद्ध वाण आयते मिळाले. बुलढाणा जिल्ह्यात कपाशीच्या तासांमध्ये पेरली जाणारी तूर वाटाण्याच्याच कुळातली असली, तरी तिच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि शेजारच्या वावरातील पराग बिनबोभाट आणून टाकतात. त्यामुळे घरच्या बियाण्यातूनही उभट आणि पसरट, हळवी (लवकर येणारी) आणि गरवी (उशिरा येणारी), पांढऱ्या आणि तांबड्या दाण्यांची झाडे शेजारी-शेजारी निघत. बुलढाणा ज्यात येतो त्या वऱ्हाडाचा कारभार 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडला गेल्यानंतर, त्या प्रांतातील महता आणि दवे या शास्त्रज्ञांनी 1931 मध्ये तुरीच्या प्रकारांची आणि त्यांच्या आनुवंशिकतेची पद्धतशीर नोंद केली.

या प्रकारांतून वाण निवडताना पाहिले जाणारे उत्पन्न हा एकच गुण नसून फांद्या, झाडावरच्या शेंगा, शेंगेतले दाणे आणि शंभर दाण्यांचे वजन यांचा तो मेळ असतो. तथापि या जिल्ह्यात त्याहून निर्णायक ठरला तो पिकाचा कालावधी, कारण घाटाखालच्या पूर्णाखोऱ्यातील भारी काळ्या जमिनीत गरवी तूर उरलेल्या ओलीवर शेंगा भरू शकते, तर घाटावरच्या हलक्या जमिनीत तिला ऐन दाणे भरताना पाण्याचा ताण पडतो. दुसरी अट रोगाची होती. मर रोगात झाड वाळते आणि खोड चिरल्यास सालीखाली काळ्या रेघा दिसतात. त्याला दाद न देणारा ‘मारुती’ हा वाण मुळात महाराष्ट्रातल्याच गावठी तुरीतून निवडलेला होता. 1993 मध्ये आलेल्या ‘आशा’ने मर आणि वांझ या दोन्ही रोगांना तोंड दिले.

मधमाशीची लुडबूड कामी लावण्याचा प्रयत्नही झाला. नर भाग निकामी असलेली, म्हणजे परागवंध्य झाडे मादी म्हणून वापरून इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने 1991 मध्ये ‘आयसीपीएच 8’ हा तुरीचा संकर आणला आणि त्याच दशकात अकोल्याच्या कृषी विद्यापीठानेही ‘एकेपीएच’ मालिकेतील संकर दिले. परंतु परागवंध्यत्व एकाच अप्रभावी जनुकावर अवलंबून असल्याने मादी ओळीतील निम्मी झाडे सुपीकच निघत. ती ओळखण्यासाठी मजुरांना कळी फोडून परागकोश पिवळा आहे की पांढुरका पारदर्शक, हे झाडागणिक पाहावे लागे आणि पिवळा दिसताच ते झाड उपटावे लागे. हा खर्च बियाणे उत्पादकांना परवडला नाही आणि ते संकर शेतात फारसे टिकले नाहीत.