दाखवणारा माणूस

डॉ. सलीम अलींच्या आयुष्यातली दोन वर्षांची एक नोकरी फारशी कुणी सांगत नाही. मला शिक्षक म्हणून तीच सगळ्यात जवळची वाटते.

१९२६ साल. मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञानाचं नवं दालन उघडलं होतं. सलीम अलींजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, त्यामुळे सरकारी प्राणिशास्त्र खात्याचं दार बंद होतं. इथं मात्र त्यांना ‘गाईड-लेक्चरर’ म्हणून घेतलं, महिना ३५० रुपयांवर. काम एवढंच, की आलेल्या लोकांना काचेआडचे पक्षी-प्राणी समजावून सांगायचे. दोन वर्षांत ते कंटाळले, १९२८ मध्ये रजा काढून जर्मनीला शिकायला गेले. १९३० मध्ये परत येऊन बघतात तर पदच रद्द. कारण काय, तर पैसे नाहीत.

मग ते अलिबागजवळ किहीमला राहिले आणि तिथं सुगरणीच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, तो जगभर गाजला. चरित्रं इथून पुढं पळतात. मी मात्र त्या दालनातच अडकून राहतो. १९३० नंतर तिथं जी पोरं आली असतील, त्यांना कुणी दाखवलं असेल?

कारण सलीम अलींनाही कुणीतरी दाखवलं होतं. लहानपणी एअरगननं चिमण्या मारायचा नाद. एक चिमणी वेगळी निघाली, गळ्यावर पिवळा डाग. खाणं जायज आहे की नाही, या शंकेनं पोरगा मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या मिलर्ड साहेबांकडे धाडलं. साहेबानं पोराला हाकललं नाही. पक्षी ओळखला, कपाटाचे कप्पे ओढून पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले. हलाल-हरामच्या साध्या शंकेतून केवढा माणूस घडला, हे आमच्या मोहल्ल्यात सांगायला मला फार आवडतं.

आता माझी गोष्ट. घर कऱ्हाडचं, नोकरी सांगली जिल्ह्यातल्या उर्दू शाळेत. काही वर्षांपूर्वी सातवीची पोरं घेऊन सागरेश्वरला गेलो. देवराष्ट्रे, म्हणजे यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव, त्याच्या लगतचं हे अभयारण्य. जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर. नकाशावर ठिपका, पण त्याची कथा मोठी आहे. हे रान आपसूक वाढलेलं नाही. उघड्याबोडक्या डोंगरावर माणसांनी ते उभं केलं, हरणं आणून सोडली. त्यामागं धों. म. मोहिते यांची चिकाटी होती. १९८५ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. त्याच वर्षी कोयना आणि चांदोलीही अभयारण्यं झाली, पण त्यांना निदान जंगल आयतं होतं.

आमच्यासोबत एक वनरक्षक आले. पोरं त्यांना लगेच ‘चाचा’ म्हणू लागली, त्यांनाही ते आवडलं असावं. वाटेत चितळाचं गळून पडलेलं शिंग सापडलं. चाचांनी ते पोरांच्या हातात दिलं. म्हणाले, “हे दरवर्षी गळतं, पुन्हा येतं. काळविटाचं तसं नाही. त्याचं शिंग जन्मभराचं.” पुस्तकात हा धडा मी शिकवला होता. पण वजन हातात घेतल्यावर पोरांचे डोळे बदलले. एकानं ते पिशवीत घालायला घेतलं, तर चाचांनी परत जागेवर ठेवायला लावलं. “साळिंदर कुरतडतं ते, त्यात चुना असतो. त्याचं खाणं तू का नेतोस?” शिवाय रानातलं काही न्यायचं नसतं, हा कायदा त्यांनी शेवटी सांगितला. मी असतो तर आधी कायदा सांगितला असता.

आणि मग बुलबुल. झुडपावर बसलेल्या पक्ष्याकडे बोट करून चाचा म्हणाले, “लालबुड्या बुलबुल.” नाव ऐकून पोरं खिदळली. एक मुलगी मात्र गंभीर झाली. “सर, हा बुलबुल? मग नज़्मेतला?”

मी गप्प. वीस वर्षं मी गुल आणि बुलबुल शिकवत आलो होतो. फारसी-उर्दू शायरीतला बुलबुल म्हणजे नाइटिंगेल, तो वेगळा पक्षी, आपल्या डोंगरांत राहत नाही. नाव तेच, पाखरू दुसरं. हे मला त्या रात्री घरी पुस्तक उघडल्यावर कळलं. तिथं मात्र मी एवढंच म्हणालो, “बेटा, बघून सांगतो.” दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंही. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

पर्यावरण शिक्षण सर्व शाळांत सक्तीचं करा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९१ मध्ये सांगितलं. विषय आला, पुस्तक आलं, प्रकल्पवही आली. वहीत पोरं बाजारातून आणलेली चित्रं चिकटवतात. दाखवणारा माणूस मात्र पुस्तकासोबत येत नाही. त्या वनरक्षकाची खरी ड्युटी वणवा, चोरटी तोड, गस्त. पोरांना फिरवणं त्याच्या पगारात धरलेलं नव्हतं, ते त्यानं हौसेनं केलं.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा सलीम अलींची. एक सोलापूरचा, घरात तेलुगू बोलणारा वनाधिकारी, ज्यानं मराठीला ‘सारंगागार’, ‘काकागार’ असे शब्द दिले. दुसरा खेतवाडीत वाढलेला बोहरा पोरगा. आठवडा फार सुंदर जुळलाय, नाही? आमच्या शाळेत त्या आठवड्यात भाषण होतं आणि फोटोला हार.

पुढच्या वर्षी सागरेश्वरला फोन केला, तर चाचांची बदली झालेली. नव्या माणसाकडे वेळ नव्हता, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तरी गेलो. या वेळी पुढं मीच. दुर्बीण एक, पोरं चौतीस. पहिल्या तासात मला सहा पक्षी ओळखता आले, अकरा आले नाहीत. त्या अकरांची चित्रं पोरांनी वहीत काढली, शेजारी जागा कोरी ठेवून. चार नावं आता भरलीत. सातांच्या जागा अजून कोऱ्याच आहेत.