सेगमेंटेशन फॉल्ट

सेगमेंटेशन फॉल्ट ही संगणकाच्या स्मृतीच्या अनधिकृत वापरामुळे उद्भवणारी त्रुटी होय. जी स्मृती प्रोग्रॅमच्या वाट्याला आलेली नाही, तेथे त्याने वाचन वा लेखन केल्यास प्रोसेसर ऑपरेटिंग सिस्टीमला तसे कळवतो व प्रोग्रॅम बंद पाडला जातो. सी भाषेत या त्रुटीचे मूळ बहुधा चुकीच्या पॉइंटरमध्ये असते.

पार्श्वभूमी

सी भाषा डेनिस रिची यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये विकसित केली. पॉइंटर हे स्मृतीतील पत्ता साठवणारे चल आहे. तो पत्ता योग्य आहे की नाही, हे सी भाषा स्वतः तपासत नाही. ती जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची असते.

कारणे

• आरंभीचे मूल्य न दिलेला पॉइंटर वापरणे.
• 'मॅलॉक'ला स्मृती न मिळाल्यास तो 'नल' देतो. हे न तपासणे.
• 'फ्री'ने परत केलेली स्मृती पुन्हा वापरणे.
• ॲरेची सीमा ओलांडणे. दहा घटकांच्या ॲरेचे क्रमांक ० ते ९ असतात; १० हा क्रमांक बाहेरचा होय.
• फंक्शन संपल्यावर त्यातील स्थानिक चलाचा पत्ता वापरणे.

निदान

प्रोग्रॅम जेथे कोसळतो तेथेच चूक असते, असे नाही. सीमेबाहेरील लेखनाने शेजारचा पॉइंटर बिघडतो आणि तो वापरला जाईपर्यंत सर्व काही सुरळीत भासते. म्हणून प्रोग्रॅम न कोसळणे हा तो निर्दोष असल्याचा पुरावा नव्हे.

जीडीबी या डीबगरमधील 'बॅकट्रेस' आज्ञा कोसळण्याच्या क्षणी कोणत्या फंक्शनने कोणास बोलावले होते, ती साखळी दाखवते. तेथून मागे जात पॉइंटरांची मूल्ये तपासावी लागतात. व्हॅलग्रिंड हे साधन स्मृतीचा प्रत्येक वापर तपासते. त्यामुळे प्रोग्रॅम बराच संथ चालतो. ॲड्रेससॅनिटायझर संकलनाच्या वेळीच तपासणीच्या सूचना जोडतो व स्मृती कोठे घेतली आणि कोठे परत केली, हेही सांगतो.

महत्त्व

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीत २० मूल्ये उपलब्ध असताना २१वे वाचण्याचा प्रयत्न झाला. हे सीमेबाहेरील वाचन ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात घडल्याने केवळ प्रोग्रॅम नव्हे, तर संपूर्ण संगणकच बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले. मुंबईसह भारतातील अनेक विमानतळांवरील सेवा विस्कळीत झाली.

अध्ययन

नागपूरचे लेखक यशवंत कानेटकर यांची 'लेट अस सी' व 'अंडरस्टँडिंग पॉइंटर्स इन सी' ही इंग्रजी पुस्तके भारतीय विद्यार्थ्यांत प्रचलित आहेत.